मधुमेह आणि गाडी: परवाना कार्यालयाला आणि विमा कंपनीला नेमके काय सांगावे?

ऋजुता
सर्व सदस्यांना नमस्कार. माझ्या यजमानांना बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. आतापर्यंत तो गोळ्यांवर आटोक्यात होता. आता डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला रात्रीचे इन्सुलिन सुरू केले आहे. ते रोज स्वतः गाडी चालवतात. त्यांच्या परवान्याची आणि गाडीच्या पॉलिसीची मुदत साधारण एकाच सुमारास संपते आहे. दोन्ही अर्ज समोर घेऊन बसलो, तर मधुमेहाचा थेट उल्लेख एकाही अर्जात आढळला नाही.

यावर घरात दोन मते आहेत. माझ्या दिरांचे म्हणणे असे की, जे विचारलेलेच नाही ते आपण होऊन सांगणे म्हणजे नसता व्याप मागे लावून घेणे. सासऱ्यांना मात्र काळजी वाटते की, उद्या काही विपरीत घडले आणि कंपनीने इस्पितळातले कागद मागवले, तर आजार लपवला असे म्हणून ते क्लेम नाकारतील. मला दोघांचेही अर्धे पटते. परवाना देणाऱ्या कार्यालयाला काय कळवणे बंधनकारक आहे, विमा कंपनीला काय सांगावे आणि गोळ्यांवरून इन्सुलिनवर आल्याने काही फरक पडतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. आपल्यापैकी अनेक जण वेगवेगळ्या देशांत राहता, तेव्हा कोणत्या देशाचा नियम सांगत आहात ते कृपया लिहावे.

तटस्थ
मी आपल्या दिरांच्या बाजूचा आहे. आजार ही माणसाची खासगी बाब आहे. मधुमेह असलेली कोट्यवधी माणसे रोज सुरक्षितपणे गाडी चालवतात, आणि एकदा का एखाद्या कागदावर ही नोंद झाली की ती पुढे कुठे कुठे वापरली जाईल यावर आपला ताबा राहत नाही. अर्जात प्रश्न असेल तर खोटे उत्तर देऊ नये, एवढे मी मानतो. पण प्रश्न नसेल तर उत्तरही नसावे.

हिशेबनीस
मी अनेक वर्षे मोटार क्लेमच्या कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रथम एक गोष्ट वेगळी करायला हवी. परवाना कार्यालय आणि विमा कंपनी यांना सांगणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. एकाला सांगितले म्हणून दुसऱ्याला आपोआप कळत नाही, आणि एकाला सांगण्याची गरज नसली म्हणून दुसऱ्यालाही नसते, असेही नाही.

विमा हा 'परम सद्भावा'चा करार मानला जातो. हे तत्त्व इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली 'कार्टर विरुद्ध बोहम' या खटल्यात मांडले, आणि त्याचा मथितार्थ असा की, जोखमीविषयी जे विमा घेणाऱ्यालाच ठाऊक असते ते त्याने दडवून ठेवू नये. भारतात आजही याच तत्त्वावर निवाडे होतात. आरोग्यविम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की, विवेकी विमाकर्त्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशी कोणतीही गोष्ट महत्त्वाची वस्तुस्थिती ठरते; त्या प्रकरणात दडवलेला आजार मधुमेह आणि त्यातून आलेला मूत्रपिंडाचा विकार हाच होता. तो आरोग्यविमा होता आणि आपण वाहनविम्याबद्दल बोलत आहोत, हा फरक मोठा आहे. तरीही 'विचारले नाही म्हणून सांगितले नाही' हा युक्तिवाद भारतात सगळीकडे टिकतो, असे कोणी समजू नये.

ब्रिटनमध्ये चित्र बदलले आहे. तिथे ग्राहकांच्या विम्यासंबंधी २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार आपण होऊन सगळे सांगत बसण्याचे कर्तव्य संपले असून, विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर देणे एवढेच उरले आहे. चुकीचे उत्तर निष्काळजीपणातून दिले की जाणूनबुजून, हेही तिथे पाहिले जाते. निष्काळजीपणा असेल तर कंपनी प्रमाणात भरपाई कमी करू शकते. जाणूनबुजून फसवले असेल तर पॉलिसीच रद्द ठरवू शकते.

म्हणजे तटस्थ यांचे म्हणणे ब्रिटनमधल्या विम्यापुरते बरेचसे बरोबर आहे आणि भारतात ते धोक्याचे आहे.

निशिगंधा
मी वैद्यकीय व्यवसायात आहे. ऋजुता, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. गोळ्यांवरून इन्सुलिनवर आल्याने फरक पडतो, आणि तो निश्चितपणे पडतो.

गाडी चालवण्याच्या दृष्टीने मधुमेह हे निदान स्वतः फारसे महत्त्वाचे नसते. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१२ सालच्या आपल्या निवेदनात हेच म्हटले आहे: केवळ निदानावरून कोणाच्याही चालक म्हणून क्षमतेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. खरा प्रश्न असतो तो रक्तातली साखर अचानक खाली जाण्याचा. मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन गटातली औषधे किंवा एसजीएलटी-२ गटातली औषधे एकेकटी घेतली असता साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची शक्यता फार कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांनी ती जाऊ शकते, आणि इन्सुलिनने तर त्याहून सहज जाऊ शकते, विशेषतः डोस ठरवण्याच्या सुरुवातीच्या काळात. आपल्या यजमानांच्या गोळ्यांमध्ये सल्फोनिलयुरिया असेल आणि त्यावर इन्सुलिन सुरू झाले असेल, तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. हे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा.

साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की सावध व्हायचे असते आणि ५४ च्या खाली ती चिंताजनक समजली जाते. घाम, थरथर, धडधड ही सुरुवातीची लक्षणे असतात, परंतु साखर आणखी घसरली की मेंदूलाच इंधन कमी पडते आणि 'मला आता थांबायला हवे' हा निर्णय घेणारी शक्तीच मंदावते. म्हणून मी माझ्या रुग्णांना सांगते की, गाडी चालवताना लक्षणांची वाट पाहू नका, आकडा आधी पाहा. उच्च रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

पांथस्थ
मी ब्रिटनमध्ये राहतो आणि मला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे इन्सुलिन जन्माचे सोबती. इथले नियम सांगतो.

इथे परवाना देणारी संस्था डीव्हीएलए. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने तिला कळवणे बंधनकारक आहे. अपवाद फक्त तीन महिन्यांपेक्षा कमी काळ चालणाऱ्या तात्पुरत्या उपचाराचा. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि अपघात झालाच तर खटलाही भरला जाऊ शकतो. कळवल्यानंतर साध्या मोटारीचा परवाना एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी मिळतो आणि दर वेळी प्रश्नावली भरून तो नवा करून घ्यावा लागतो. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्या साध्या मोटारचालकाला सहसा कळवावे लागत नाही, मात्र जागेपणी वर्षभरात एकाहून अधिक वेळा साखर इतकी खाली गेली की दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, तर कळवावे लागते आणि गाडी चालवणे थांबवावे लागते. साखर खाली गेल्याची जाणीवच होत नसेल, तरीही तेच.

रोजच्या वागण्याचे नियमही ठरलेले आहेत. प्रवास सुरू करण्यापूर्वी दोन तासांच्या आत साखर तपासायची आणि प्रवास लांबला तर दर दोन तासांनी पुन्हा. आकडा ५ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे साधारण ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, याहून अधिक असेल तर निघायचे. ५ किंवा त्याखाली असेल तर आधी काहीतरी खायचे. ४ च्या खाली असेल, म्हणजे ७२ च्या आत, तर गाडी चालवायचीच नाही. साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबायचे, कारण मेंदू सावरायला तेवढा वेळ लागू शकतो. इथे हे 'पाचावर असाल तर चालवा' या अर्थाच्या एका छोट्या घोषवाक्याने शिकवतात आणि ऑस्ट्रेलियातही तसेच घोषवाक्य आहे.

मला या नियमांचा जाच वाटत नाही. हे नियम मला इतरांइतकाच रस्त्यावर असण्याचा हक्क देतात, आणि तो हक्क मला मनापासून मोलाचा वाटतो.

रानपाखरू
पांथस्थ, परवान्याचा अर्ज डीव्हीएलएकडे पडून असताना जुन्याची मुदत संपली, तर त्या काळात गाडी चालवता येते का?

पांथस्थ
रानपाखरू, बहुतेक वेळा येते. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम ८८ मध्ये तशी तरतूद आहे. अर्ज वेळेवर पोहोचलेला असावा, आधीचा परवाना वैद्यकीय कारणाने काढून घेतलेला किंवा नाकारलेला नसावा, आणि आपल्या डॉक्टरांच्या मते आपण गाडी चालवण्यास योग्य असावे, या त्यातल्या मुख्य अटी आहेत. विमा कंपनीलाही त्या काळात तसे कळवून ठेवणे चांगले.

तटस्थ
निशिगंधा आणि पांथस्थ यांचे प्रतिसाद वाचून माझे मत थोडे बदलले, पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे. कळवण्याची सक्ती जितकी कडक, तितकी माणसे गोष्टी लपवू लागतात. युरोपीय संघाने २००९ साली परवान्याच्या निर्देशात बदल करून, वर्षभरात दुसऱ्यांदा तीव्र प्रकारे, म्हणजे दुसऱ्याची मदत लागावी इतकी, साखर खाली गेल्यास परवाना न देण्याचे ठरवले. त्यानंतर डेन्मार्कमधल्या संशोधकांना असे दिसले की, टाइप १ चे रुग्ण अशा घटना डॉक्टरांना पूर्वीपेक्षा कमी सांगू लागले. घटना तितक्या कमी झाल्या नव्हत्या, सांगणे कमी झाले होते. ज्या माणसाला खरोखर मदत हवी आहे तोच जर परवान्याच्या भीतीने डॉक्टरांपुढे गप्प बसत असेल, तर असल्या नियमाने रस्ता सुरक्षित झाला असे कसे म्हणावे?

निशिगंधा
तटस्थ यांचा मुद्दा मला अतिशय गंभीर वाटतो आणि तो मी दवाखान्यात प्रत्यक्ष अनुभवते. 'मधे कधी साखर खाली गेली होती का?' असे विचारल्यावर रुग्ण आधी बरोबर आलेल्या माणसाकडे पाहतो आणि मग 'नाही' म्हणतो, तेव्हा मला उत्तर मिळालेले असते. म्हणून मी तो प्रश्न एकांतात विचारते.

मात्र नियम करणाऱ्यांनी यातून काहीच शिकले नाही असे म्हणता येणार नाही. युरोपीय संघाने २०१६ साली हा निर्देश पुन्हा सुधारला. आता साध्या मोटारीच्या परवान्यासाठी फक्त जागेपणी घडलेल्या घटना धरल्या जातात, झोपेतल्या नाहीत. आणि पुन्हा पुन्हा तसे घडले तरी शेवटच्या घटनेपासून तीन महिने उलटल्यावर, वैद्यकीय तपासणीच्या आधारे परवाना परत मिळू शकतो. ब्रिटननेही २०१८ च्या सुरुवातीला हाच बदल स्वीकारला. तीन महिने हा काळ औषध बदलून, डोस कमी करून किंवा साखर सतत मोजणारा सेन्सर लावून परिस्थिती सुधारण्यासाठी पुरेसा असतो. परवाना थोड्या काळासाठी थांबतो, जन्मभरासाठी नाही, हे रुग्णाला आधी सांगितले की तो मोकळेपणाने बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांवरही काही ठिकाणी कळवण्याची जबाबदारी असते. कॅलिफोर्नियात शुद्ध हरपण्याचे विकार डॉक्टरांनी कळवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये आधी रुग्णाने स्वतः कळवावे अशी अपेक्षा असते, परंतु समजावूनही तो गाडी चालवतच राहिला तर डॉक्टर गोपनीयता बाजूला ठेवून डीव्हीएलएला कळवू शकतात.

कावेरी
माझ्या माहेरी ट्रक चालवण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे या चर्चेतला पोटापाण्याचा भाग कोणीतरी मांडायला हवा असे वाटले. घरच्या मोटारीचा परवाना काही महिने थांबला तर गैरसोय होते. ट्रक किंवा बसच्या चालकाचा थांबला तर घर थांबते. अशा चालकांसाठी नियम अधिक कडक आहेत, आणि ते असायलाही हवेत, कारण त्याच्या मागे चाळीस प्रवासी किंवा कित्येक टन माल असतो.

पण गेल्या काही वर्षांत दारे उघडलीही आहेत. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना मोठी वाहने चालवण्यास सरसकट बंदी होती. ती २०११ च्या नोव्हेंबरमध्ये उठली आणि त्याऐवजी दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि साखरेच्या नोंदी दाखवणे आले. अमेरिकेत राज्याराज्यांत मालवाहतूक करणाऱ्या इन्सुलिनवरच्या चालकाला पूर्वी केंद्राकडून खास सूट मागावी लागे. १९ नोव्हेंबर २०१८ पासून ती पद्धत बंद झाली. आता त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर एक ठरलेला फॉर्म भरून देतो, चालक आपल्या ग्लुकोमीटरमधल्या तीन महिन्यांच्या नोंदी दाखवतो, आणि त्या आधारे त्याला वर्षभरापर्यंतचे प्रमाणपत्र मिळू शकते.

जो चालक नोंदी ठेवतो त्याला काम मिळते, ही व्यवस्था मला फार न्याय्य वाटते. आजार लपवून रात्रीच्या रात्री गाडी हाकणारा माणूस स्वतःला आणि इतरांना ज्या धोक्यात टाकतो, त्यापेक्षा ती शतपटींनी बरी.

रानपाखरू
विम्याच्या हप्त्याबद्दल कोणीच बोललेले नाही. मधुमेह सांगितला की हप्ता वाढतो, ही भीती खरी आहे का?

हिशेबनीस
रानपाखरू, देशानुसार उत्तर बदलते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार केवळ मधुमेह आहे म्हणून विमा नाकारता येत नाही किंवा हप्ता वाढवता येत नाही. तसे करायचे असेल तर कंपनीकडे विश्वसनीय माहितीचा आधार हवा. तिथल्या अनेक अर्जांत 'डीव्हीएलएला कळवणे आवश्यक आहे असा काही आजार आहे का आणि तो कळवला आहे का' एवढेच विचारतात. म्हणजे परवान्याचे काम चोख असेल तर विम्याचे काम सोपे होते. एखाद्या कंपनीने अवाजवी हप्ता मागितला तर कारण लेखी मागावे आणि दुसऱ्या कंपनीकडून दर घ्यावा.

भारतात गाडीचा हप्ता प्रामुख्याने गाडीचे मॉडेल, तिची ठरलेली किंमत, इंजिनाची क्षमता आणि नो क्लेम बोनस यांवर ठरतो. तृतीय पक्षाच्या विम्याचे दर तर सरकार ठरवते. त्यामुळे मधुमेह सांगितल्याने हप्ता वाढेल ही भीती भारतातल्या वाहनविम्यापुरती बहुतांशी निराधार आहे.

खरी काळजी दुसरीकडे आहे. भारतातल्या मोटार पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याच्या प्रमाणित मजकुरात असे अपवाद-कलम आहे की, शारीरिक दोष किंवा दुर्बलता यामुळे, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, झालेल्या इजेची भरपाई मिळणार नाही. साखर खाली जाऊन अपघात झाला तर कंपनी या कलमाकडे बोट दाखवू शकते. तसे झाल्यास ते कलम लागू पडते की नाही यावर वाद घालता येतो, पण तो वाद घरच्यांना दुःखाच्या दिवसांत घालावा लागतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की, आपल्या पॉलिसीची ती पाने एकदा शांतपणे वाचा.

तृतीय पक्षाच्या दाव्यात कंपनीने कोणते बचाव घ्यावेत हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये ठरवून दिले आहे, आणि महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून पॉलिसी घेतली हा त्यांपैकी एक आहे.

ऋजुता
या शेवटच्या कलमाची मला अजिबात कल्पना नव्हती. आता भारतातल्या परवान्याबद्दलही कोणी सांगितले तर आभारी होईन.

दीपस्तंभ
भारतातल्या परवान्याबद्दल मी लिहितो. आपल्याकडे अर्जदार फॉर्म १ मध्ये शारीरिक पात्रतेचे स्वयंघोषणापत्र देतो, आणि वाहतूक परवान्यासाठी (म्हणजे ट्रक, बस अशा व्यावसायिक वाहनांच्या) तसेच वयाची ४० वर्षे ओलांडल्यावर डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १-अ लागतो. फॉर्म १ मध्ये मधुमेहाचे नाव नाही हे खरे, पण त्यातले दोन प्रश्न नीट वाचा. एक असा की, आपल्याला अपस्मार आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा भोवळ येण्याचे झटके येतात का. दुसरा असा की, आपले वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल असा अन्य कोणता आजार वा व्यंग आहे का, असल्यास तपशील द्या. पहिल्या प्रश्नात 'कोणत्याही कारणाने' असे म्हटले असल्यामुळे साखर खाली जाऊन शुद्ध हरपणेही त्यात येते. ज्याच्या बाबतीत तसे कधीही घडलेले नाही, त्याने 'नाही' लिहिणे पूर्णतः प्रामाणिक आहे. ज्याच्या बाबतीत घडले आहे, त्याने 'नाही' लिहिणे हे खोटे घोषणापत्र आहे.

त्याखेरीज मोटार वाहन कायद्याचे कलम १८६ आहे. आपला आजार लोकांना धोकादायक ठरू शकतो हे ठाऊक असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत आणि नंतर २,००० रुपयांपर्यंत आहे. रक्कम लहान आहे, पण अशा गुन्ह्याची नोंद दाव्याच्या वेळी किती महाग पडेल याचा अंदाज हिशेबनीस यांच्या प्रतिसादावरून येतो. परवाना दिल्यानंतरही आजाराच्या कारणाने तो रद्द करण्याचा अधिकार कलम १६ देते.

आता माझा स्वतःचा विषय, डोळे. माझ्या दोन्ही डोळ्यांवर मधुमेहामुळे लेझर उपचार झाले आहेत. आपल्याकडे २५ मीटरवरून आणि ब्रिटनमध्ये २० मीटरवरून गाडीच्या नंबरपाटीवरचे आकडे-अक्षरे वाचता येणे ही दृष्टीची कसोटी आहे, आणि ती मी सहज पार करतो. परंतु डोळ्याच्या पडद्याच्या कडेला केलेल्या लेझरमुळे बाजूचे दिसणे कमी होऊ शकते, आणि नंबरपाटी वाचून ते कधीच कळत नाही. डाव्या बाजूने अचानक आलेले मूल दिसावे लागते ते याच कडेच्या दृष्टीने. माझ्या नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून लेखी अहवाल दिला, तो मी परवान्याच्या कागदांबरोबर ठेवतो. ब्रिटनमध्ये दोन्ही डोळ्यांवर लेझर झाले असेल तर डीव्हीएलएला कळवावेच लागते. आपल्याकडे कोणी विचारत नसले, तरी ही तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी असे मला तळमळीने वाटते.

निशिगंधा
दीपस्तंभ यांच्या प्रतिसादात थोडी भर घालते. पायांच्या नसांवर परिणाम होऊन बधिरपणा आला असेल, तर ब्रेक किती दाबला गेला हे तळपायाला नीट कळत नाही. चालकाच्या पात्रतेचा विचार करताना डोळ्यांइतकेच पायांकडेही लक्ष द्यायला हवे. शिवाय उपचार नव्याने सुरू होऊन साखर झपाट्याने खाली आणली जाते तेव्हा काही आठवडे नजर धूसर होऊ शकते. ती सहसा आपोआप सुधारते, पण त्या काळात गाडी चालवणे टाळावे आणि चष्म्याचा नंबरही घाईने बदलू नये.

अनामिका
मला गरोदरपणात काही काळ इन्सुलिन घ्यावे लागले होते. तेव्हा परवान्याचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. तात्पुरत्या उपचाराचा अपवाद पांथस्थ यांनी सांगितला तो अशा स्त्रियांनाही लागू पडतो का?

पांथस्थ
हो, ब्रिटनमध्ये पडतो. उपचार तीन महिन्यांहून अधिक चालला किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालू राहिला, तर मात्र कळवावे लागते. कळवायचे नसले तरी साखर तपासूनच निघण्याचा नियम त्या काळातही पाळायचा असतो.

रानपाखरू
माझ्या दंडावर सेन्सर आहे आणि आकडा मोबाइलवर सतत दिसतो. तो पुरेसा आहे ना, की बोटावर टोचून पाहायलाच हवे?

पांथस्थ
इथे साध्या मोटारीच्या चालकांना २०१९ पासून सेन्सरचा आकडा चालतो. मात्र ग्लुकोमीटर आणि पट्ट्या जवळ असाव्याच लागतात, कारण आकडा ४ किंवा त्याखाली आला, लक्षणे जाणवली, किंवा आकडा आणि लक्षणे यांचा मेळ बसेना, तर गाडी थांबवून बोटावर टोचूनच खात्री करावी लागते. सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, पेशींच्या भोवतीच्या द्रवातली मोजतो, आणि साखर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे असतो. आणि गाडी चालू असताना मोबाइल हातात घेऊन आकडा पाहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे विसरू नये. गजर लावून ठेवावा आणि थांबून पाहावे.

तटस्थ
मी माझे सुरुवातीचे विधान सुधारून मांडतो. परवाना कार्यालयाच्या बाबतीत नियम असेल तर कळवणे अपरिहार्य आहे, हे मला पटले. विमा कंपनीच्या बाबतीत मात्र माझी अशी विनंती राहील की, मोघम 'मधुमेह आहे' एवढेच लिहून देऊ नका. ते वाचून समोरचा कारकून वाईटात वाईट तेच गृहीत धरू शकतो. सांगायचेच असेल तर उपचार काय, शेवटची तपासणी कधी, साखर तीव्रपणे खाली गेल्याची घटना नाही, डोळे ठीक, असे पूर्ण सांगा.

हिशेबनीस
तटस्थ यांच्याशी या बाबतीत मी शंभर टक्के सहमत आहे. अर्धवट माहितीने होणारे नुकसान मी बरेच पाहिले आहे.

ऋजुता
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. यजमानांना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांची साखर कधी दुसऱ्याची मदत लागण्याइतकी खाली गेलेली नाही, शुद्ध कधी हरपलेली नाही आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अलीकडेच झाली आहे. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे असे मात्र निशिगंधा यांच्या प्रतिसादामुळे लक्षात आले, आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू असताना तिचा डोस कमी केला.

आम्ही असे ठरवले आहे की, फॉर्म १-अ भरणाऱ्या डॉक्टरांना इन्सुलिनबद्दल स्पष्ट सांगायचे आणि विमा कंपनीला नूतनीकरणाच्या वेळी लेखी कळवायचे. पण ऑनलाइन नूतनीकरणात त्यासाठी जागाच नाही. मग पत्र कसे लिहावे आणि कोणाला पाठवावे?

हिशेबनीस
ऋजुता, योग्य ठरवले आहे. पत्र छोटे असावे. पॉलिसी क्रमांक आणि गाडीचा क्रमांक. चालकास टाइप २ मधुमेह असून अमुक तारखेपासून इन्सुलिन सुरू आहे. साखर तीव्रपणे खाली जाण्याची किंवा शुद्ध हरपण्याची घटना आजवर घडलेली नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते ते वाहन चालवण्यास पात्र आहेत, त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या माहितीमुळे पॉलिसीच्या अटींत काही बदल होत असल्यास लेखी कळवावे. एवढे पुरे. शेवटचे वाक्य वगळू नका, कारण त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीवर जाते.

ईमेल कंपनीच्या ग्राहकसेवेच्या अधिकृत पत्त्यावर पाठवा आणि आलेला तक्रार अथवा विनंती क्रमांक जपून ठेवा. जवळ शाखा असेल तर पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. एजंटला तोंडी सांगितले म्हणजे कंपनीला सांगितले, असे धरून चालू नका. नूतनीकरणाचे पैसे भरण्यापूर्वी पत्र पोहोचलेले असावे, आणि पुढच्या वर्षी कंपनी बदललीत तर नव्या कंपनीला हेच पत्र नव्याने द्यावे लागेल.

निशिगंधा
त्या प्रमाणपत्राविषयी एक सूचना. इन्सुलिन सुरू होऊन डोस स्थिर झाल्यावरच ते मागा, आणि मागायला जाताना ग्लुकोमीटरमधल्या नोंदी बरोबर न्या. नोंदी पाहिल्याशिवाय कोणत्याही डॉक्टराने 'वाहन चालवण्यास पात्र' असे लिहून देऊ नये, आणि कोणी तसे लगेच लिहून दिले तर त्या कागदाला दाव्याच्या वेळी फारसे वजन राहणार नाही.

कावेरी
आणि ग्लुकोजच्या गोळ्या गाडीतच, हात पोहोचेल अशा खणात ठेवायला सांगा. डिकीतल्या पिशवीत ठेवून उपयोग नाही.